द्रौपदाबाईंची सांदवाडी

महादेवभाऊ लाखनीच्या दवाखान्यात आले, तेव्हा पेशंटांच्या बाकावर आपली पाळी येईपर्यंत गुपचूप बसून राहिले. मी इंजेक्शनं देत होते, माझं लक्ष नव्हतं. पाळी आली तशी मी वर न पाहताच विचारलं, "काय होऊन राहिलं?" ते म्हणाले, "मले काही नाही होत, सिस्टर. वैनी गेली. पाच दिवस झाले." त्यांच्यामागे अजून सहा-सात माणसं उभी होती. मी भाऊंना बाजूच्या स्टुलावर बसवलं, बाकीचे पेशंट आटोपले, हात धुतले आणि मग नीट विचारलं. आषाढातली सकाळ, पाऊस नुकताच थांबलेला. द्रौपदाबाई घरामागच्या सांदवाडीत वांग्यांमधलं गवत निंदत बसल्या होत्या. सांदवाडी म्हणजे आमच्याकडची परसबाग. बराच वेळ हलल्या नाहीत म्हणून भाऊंच्या सुनेनं हाक मारली, मग जवळ जाऊन खांद्याला हात लावला. "पडली पण नाही वो," भाऊ म्हणाले, "बसल्या जागीच गेली. मुठीत गवत तसंच." मी म्हटलं, चांगलं मरण आलं. ते मान हलवत राहिले, पण उठेनात. त्यांना काहीतरी विचारायचं होतं... विचारलं नाही. दुपारच्या एसटीनं परत गेले.

याला आता दीड महिना होतो आहे. द्रौपदाबाईंबद्दल लिहा असं मला कोणी सांगितलेलं नाही, आणि ज्यांच्यावर लेख लिहावा अशा काही त्या नावाजलेल्या बाई नव्हत्या. पण एक गोष्ट आम्हा दोघींनाच माहीत होती. आता मी एकटीच उरले, आणि एकटीनं ती सांभाळत बसणं मला जमत नाही.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर माझी पहिली नेमणूक तुमसर तालुक्यात, नाकाडोंगरीच्या रस्त्यावरच्या एका गावी झाली. उपकेंद्राला इमारत नव्हती. द्रौपदाबाईंच्या घराच्या दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. एकीत मी राहायची आणि दुसरीत वजनकाटा, औषधं, लसींचा डबा. द्रौपदाबाई तेव्हा पस्तिशीच्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. मूलबाळ नव्हतं. दीर महादेव बायकापोरांसह शेजारच्या अर्ध्या घरात राहायचे, धानाचं शेत सामाईक होतं. पहिल्या दिवशी मी मागचं दार उघडलं आणि उंबऱ्यावरच थांबले. वीसेक पावलं स्वच्छ निंदलेली, वाफे घातलेली जमीन, आणि तिथून पुढे एकदम भिंत उभी राहावी तशी बेशरम. ज्यांनी हे झाड पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. तलावाच्या काठी, नाल्यात वाढतं, फूल जांभळट, उंची पुरुषभर. तोडलं तर दुपटीनं फुटतं, म्हणून हे नाव. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून आमच्याकडे लोक तिच्याच काड्या रोवून कुंपण करतात, आणि काही वर्षांनी ते कुंपण घरात यायला लागतं. त्या झाडीच्या आत एक विहीर होती, आणि त्या विहिरीत द्रौपदाबाईंचा नवरा होता की नव्हता, हे कोणालाच माहीत नव्हतं.

गावानं सांगण्याआधी त्यांनीच मला हे सांगितलं. "माहीत असू द्या. मागून कोणी सांगन, त तुमी खोली सोडून पळान." मी यायच्या चार वर्षं आधीचा भादवा. नवराबायकोचं भांडण झालं, कारण भाजीत मीठ जास्त पडलं इतकंच. द्रौपदाबाईंच्या तोंडून गेलं, "जा, पड त्या इहिरीत." बाया हे उठता-बसता म्हणतात आणि संध्याकाळी त्याच माणसाला भात वाढतात. नवरा, शामराव, उठले, मागच्या दारानं गेले, आणि परत आले नाहीत. विहीर तोंडोतोंड भरली होती. लोकांनी गळ टाकून पाहिला, काही लागलं नाही. दोन दिवसांनी पावसानं विहिरीचा एक काठ ढासळला, अर्धी विहीर मातीनं बुजली आणि शोध तिथंच थांबला. कोणी म्हणे, नाकाडोंगरीला खाणीवर दिसला. कोणी शपथ घेऊन सांगे, बपेऱ्याहून पलीकडे मध्य प्रदेशात जाताना आपण पाहिला. ढासळल्या काठावरून गुरं आत पडू नयेत म्हणून द्रौपदाबाईंनी स्वतःच्या हातानं भोवती बेशरमीच्या काड्या रोवल्या. चार वर्षांत त्या काड्यांनी अर्धी सांदवाडी गिळली.

"पाण्यात मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी वर येते, बाई," मी नर्सच्या अधिकारानं म्हटलं.

"वरून माती पडली ना," त्या म्हणाल्या. "मातीखालून कसा येईन?"

त्या रोज ठसठशीत कुंकू लावायच्या, हात भरून बांगड्या घालायच्या, आणि हळदीकुंकवाचं बोलावणं आलं की जायच्या नाहीत. सवाष्ण की विधवा, हे गावानं ठरवलं नव्हतं, त्यांनीही नाही. पण त्यांना खात होतं ते वेगळंच. तांदूळ निवडताना, दिव्याची काच पुसताना त्या मध्येच थांबायच्या आणि मला विचारायच्या, "सिस्टर, बोलण्यानं माणूस मरते का वो?" मी म्हणायची, नाही मरत. मग त्या पुन्हा कामाला लागायच्या. दोन-चार दिवसांनी पुन्हा तेच.

मला घाण, कचरा, झाडोरा बघवत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात त्या माहेरी गेलेल्या पाहून मी दोन माणसं लावली, झाडीचा पुढचा एक पट्टा तोडून घेतला आणि तोडलेल्या फांद्या कुंपणाशी रचून ठेवल्या. वाटलं, आल्यावर खूश होतील. पाऊस पडला. पट्टा तर फुटलाच, पण रचलेल्या ढिगातल्या प्रत्येक फांदीलाही पालवी आली. द्रौपदाबाई कमरेवर हात ठेवून पाहत राहिल्या आणि हसत सुटल्या. "एक बेशरम तोडून शंभर लावल्या, सिस्टर! तुमचं कुटुंब नियोजन बी असंच चालू हाय का?" मग हसणं थांबवून म्हणाल्या, "राहू द्या आता तिले. तिचं तिकडं, मायं इकडं."

त्यांचं निंदणं मी दहा वर्षं पाहिलं. असं स्वच्छ काम मी दुसरं पाहिलेलं नाही. नागरमोथ्याची गाठ खोल जाते, ती तुटली तर पुन्हा येते, म्हणून त्या खुरप्यानं बाजूची माती सैल करून गाठ अख्खी काढायच्या. पण झाडीला लागून असलेल्या शेवटच्या वाफ्यात पोचल्या की वळायच्या आणि झाडीकडे पाठ करून बसायच्या. कोणीही निंदणारा न निंदलेल्या बाजूला तोंड करून बसतो, तण समोर दिसावं लागतं. या हात मागे नेऊन चाचपत उपटायच्या, पण तोंड फिरवायच्या नाहीत. मी समजले, भीती वाटत असेल. एकदा त्या बोलताना ऐकू आल्या. बाजारात वांग्याला भाव नाही, महादेवच्या पोराला ताप आहे, औंदा तलाव भरला नाही... घरातल्या माणसाला सांगावं तसं, मागे न पाहता. मी विचारलं, "कोणाशी बोलून राहिल्या?" म्हणाल्या, "गवताशी. ते तरी ऐकते."

दुपारी कधी कधी त्या झाडीतून बिडीचा वास यायचा. घरोघरी बिड्या वळणारं गाव, वास कुठूनही येईल, मी स्वतःला सांगायची. पण तो पान हलत नसतानाही यायचा. त्या झाडीवर पाखरू बसत नसे. बेशरमीचा चीक वाईट असतो, म्हणून असेल. माझ्याजवळ प्रत्येक गोष्टीचं कारण तयार असायचं.

शामराव गेल्याला अशी बारा वर्षं भरली. भाऊंच्या मुलीला स्थळं येत, आणि पहिला प्रश्न विचारत, मुलीचा मोठा काका जिवंत आहे की नाही? एक दिवस भाऊ आमच्या ओसरीवर येऊन बसले. "वैनी, आता पळसाचा पुतळा करा लागते. महाराजानं सांगतलं." महाराज म्हणजे आमच्याकडचे भटजी. माणूस बारा वर्षं परतला नाही की तो मेला असं धरतात. पळसाच्या पानांच्या देठांचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ, धोतर नेसवतात, तिरडीवर घालून तलावाकाठी खऱ्या माणसासारखी आग देतात. मग बायकोनं कुंकू पुसायचं. त्यानंतर तो खरोखर दारात येऊन उभा राहिला, तरी त्याला घरात घ्यायचं नसतं.

द्रौपदाबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "आधी इहीर पाहा. तिथं असन, त खरा जाळू. पळसाचा कायले?"

"त्या झाडीत कोण शिरन, वैनी?"

"मी लावली, मीच काढीन. इहीर लागेपर्यंत बाकी कोणी आत याचं नाही. सिस्टर हाय माया सोबत." मला कोणी विचारलं नव्हतं. मी रजा टाकली.

वैशाखातले सहा दिवस. पहाटे लागायचो आणि ऊन डोक्यावर आलं की थांबायचो. हातांना जवसाचं तेल चोळायचं, कारण चीक लागला की कातडी खाजते. वरून तोडायची, मग सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घालून बुड हलवायचं, मुळी ओढायची. कोवळी मुळीसुद्धा मागे ठेवायची नाही. तोडलेलं सगळं उताणं पसरून उन्हात कडक वाळवायचं आणि वारा घराकडून असेल तेव्हाच पेटवायचं, त्या धुरानं डोकं धरतं. मनगटाएवढी खोडं एकमेकांत अशी गुंतलेली की आत साप शिरला तर त्यालाही वळसे घ्यावे लागले असते. चौथ्या दिवशी त्या एकदाच म्हणाल्या, "असला, त मले आधी पाहू देजा." मी हो म्हटलं. मनात मी तयारी करत होते, हाडं ओळखायची कशी, त्यांना धरायचं कसं.

सहाव्या दिवशी ऊन चढता-चढता विहिरीचा काठ लागला. धड राहिलेल्या बाजूला, काठाला लागून, एक मोकळी जागा होती. एक माणूस मांडी घालून बसेल एवढी. चारी बाजूंनी झाडी, वर झाडी, आणि मध्ये ती माती बसून-बसून गुळगुळीत झालेली. तिच्यावर एक पान पडलेलं नव्हतं. भोवतीच्या बारीक फांद्यांना दोरे बांधले होते. बिडीला असतो तो लाल दोरा. बरेचसे पांढरे पडलेले, काही विटलेले... आणि एक लालभडक.

सब्बल माझ्या हातातच राहिली. द्रौपदाबाई वाकल्या, एक दोरा बोटानं चाचपला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "हा त्याचाच चाळा. बिडी ओढून झाली का दोरा सोडाचा, आन हाताशी येईन त्याले बांधाचा. खाटेले बांधे. माया बांगडीले बी बांधे."

"दोरा कोणीही बांधते, बाई. एखादा गुराखी सावलीले बसत असन."

"कुठून येऊन?"

मी फिरून पाहिलं. मागच्या बाजूनं, कुंपणाच्या बाजूनं, ढासळल्या काठाच्या बाजूनं. आत यायला वाट नव्हती. आम्हाला सहा दिवस लागले होते. बेशरम एका पावसाळ्यात वाट मिटवते हे मला माहीत आहे, पण त्या लाल दोऱ्यावर एकही पाऊस पडलेला नव्हता. बिनउत्तराच्या गोष्टी मला आवडत नाहीत.

मी परतले तेव्हा द्रौपदाबाई त्या मोकळ्या जागेवर मांडी घालून बसल्या होत्या आणि समोर पाहत होत्या. मी त्यांच्या मागे उभी राहिले. समोर सरळ रेषेत शेवटचा वाफा दिसत होता. मधली झाडी आम्ही तोडलेली होती हे खरं, पण त्या रेषेत बुडं उपटल्याचे खड्डेही नव्हते. वीतभर रुंदीची एक फट तिथून वाफ्यापर्यंत गेलेली होती. त्या जागेवरून त्यांची पाठ दिसत असणार, रोज.

त्यांनी उठून सगळे दोरे तोडले, खुरप्यानं ती जागा खणून भुसभुशीत केली आणि दोरे वाळलेल्या बेशरमीत टाकून काडी लावली. "कोणाले सांगू नका, सिस्टर," एवढंच म्हणाल्या.

मग भाऊंनी माणसं लावली. तीन दिवस गाळ निघाला. एक बादली निघाली, एक चेपलेला लोटा, कुजलेला दोर आणि काही हाडं. लोक मागे सरले. मी हाडं धुऊन एक-एक पाहिली. बकरीची होती. द्रौपदाबाई काठावर उभ्या होत्या. "नाही ना?" "नाही." "बरं," त्या म्हणाल्या.

भाऊंना रडू आवरेना. "म्हणजे दादा जित्ता हाय! आता पुतळा नको, वैनी. वाट पाहू."

"नाही भाऊजी. पुतळा करा."

"काहून? इहिरीत नाही ना निंघाला थो!"

"म्हणूनच."

गावाला काही कळलं नाही. महाराजही दोनदा विचारून गेले. पळसाचे देठ द्रौपदाबाईंनी स्वतः तोडून आणले आणि नीट सारखे करून भाऊंच्या हाती दिले. पुरुष तलावावर गेले, बाया त्यांच्याभोवती बसल्या. त्यांनी बांगड्या स्वतःच जात्यावर आपटून फोडल्या. कोणाला हात लावू दिला नाही. एका काचेनं मनगट कापलं, त्याला मी पट्टी बांधली. त्यानंतर मी त्या घरात आणखी दोन वर्षं होते. सांदवाडीत बिडीचा वास पुन्हा आला नाही. तिथं वांगी, चवळी आणि आमच्याकडे टोमॅटोला म्हणतात ती भेदरं भरघोस आली, आणि भाऊंच्या मुलीचं लग्नही झालं.

लाखनीला बदली झाल्यावर वर्षातून एखाद्या वेळी जाणं व्हायचं. गेल्या दिवाळीत गेले तेव्हा द्रौपदाबाई ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. मी कधी विचारलं नव्हतं, त्या आपणहून बोलायला लागल्या. "तुमाले वाटलं असन, मले त्या दिवशीच समजलं. मले पहिल्या वर्षीच ठाऊक झालं होतं. निंदाले बसली का मानेवर नजर लागे. आधी वाटलं, मेला, म्हणून बसून राह्यते. मंग वाटलं, नाही, जित्ता हाय, लाजून राहिला. मी पाह्यलं त पळन. म्हणून पाठ करून बसत होती, म्हणून झाडी बी तोडली नाही. म्हटलं, येईन कधी उठून."

"मग विहीर काहून पाहायला लावली?"

"खातरी कराची होती. इहिरीत असता, त माया बोलण्यानं मेला असता. मी जलमभर त्याच्या नावानं पाणी सोडलं असतं. नव्हता. म्हणजे मी बारा वर्षं जळून राहिली, आन थो बसून पाहत होता." त्यांनी लसणाची एक पाकळी सोलून वाटीत टाकली. "भूत असो का माणूस... ज्याले मायाकडं याचं हाय, त्यानं समोरच्या दारानं यावं."

मी म्हटलं, "आता आला तर घ्याल घरात? जाळलेल्या माणसाले?"

त्या हसल्या. "तुमी नर्सबाई असून असं इचारता?" आणि लसणाचा पुढचा गड्डा हातात घेतला.

गेल्या रविवारी मी तिथं जाऊन आले. सांदवाडी दीड महिन्यात गुडघाभर झाली आहे, तरोटा, मोथा, आघाडा. बेशरम मात्र एकही नाही. मी खुरपं घेऊन दोन वाफे निंदले, तेवढ्यात भाऊ आले, आणि लाखनीला जे विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं. पुतळा जाळल्याच्या दुसऱ्या दिवसापासून द्रौपदाबाई समोरचं दार सकाळपासून दिवे लागेपर्यंत सताड उघडं ठेवायच्या. मला वाटायचं, हवेसाठी. आता त्या बाजूला कोणी राहत नाही, कुत्री-बकऱ्या शिरतील म्हणून भाऊ सकाळी बाहेरून कडी घालतात. "आन दुपारी पाहावं, त उघडं. रोज. पोरं म्हणते, आमी नाही उघडलं, त्याहीले मी मारून पाह्यलं. असं काहून होऊन राहिलं, सिस्टर?"

मी जाऊन पाहिलं. पावसानं लाकूड फुगलं असेल, कोयंडा सैल झाला असेल, बिजागरी खाली आली असेल. दार तीनदा लावलं, तीनदा कडी घातली, खांद्यानं रेटून पाहिलं. सगळं जागच्या जागी आहे. ती कडी हातानं उचलल्याशिवाय निघत नाही. भाऊ म्हणाले, "सुताराले बोलावू का?"

मी म्हटलं, नको. कडी काढली, दार भिंतीला टेकेपर्यंत उघडलं आणि सरकू नये म्हणून खाली वीट लावली. मग आत गेले आणि मागच्या दाराला आतून कुलूप घातलं.